लघुग्रह, उपग्रह आणि केतकरांचा ब्रह्मा

बारामती तालुक्यांतील सुपें हें नांव इतिहासवाचकांच्या ओळखीचें आहे. पुणें-सुप्याची जहागीर शहाजीराजांची. राजे प्रथम निजामशाहींत, मध्यंतरीं मोगलांकडे, १६३६ नंतर आदिलशाहींत. धनी बदलले, सरदार तोच. शेजारच्या इंदापुरास त्यांचे वडील मालोजीराजे लढतां लढतां पडले, तेही निजामशाहीच्या चाकरींत.

आकाशांतील लहान गोलांची कथा आम्हांस फारशी निराळी वाटत नाहीं. सूर्याभोंवतीं फिरतो तो लघुग्रह. तोच एखाद्या ग्रहाभोंवतीं फिरूं लागला कीं उपग्रह. भेद चाकरीचा आहे, जातीचा असेलच असें नाहीं. शनीचा फीबी व नेपच्यूनचा ट्रायटन हे उलट दिशेनें फिरतात. ते बाहेरून येऊन ग्रहाच्या कह्यांत सांपडले, असें ज्योतिषी मानतात. मंगळाच्या फोबॉसचा वाद मात्र मिटलेला नाहीं. १८७७ सालीं हॉल यांस दिसलेला हा सुमारें २२ किलोमीटर व्यासाचा ओबडधोबड गोळा रूपानें लघुग्रहच. पण त्याची कक्षा जवळजवळ वाटोळी व मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळींत. धरून आणलेला चाकर इतक्या शिस्तीनें कसा चालावा?

धनी व चाकर यांस एकच नियम लावून पाहण्याचें धाडस आमच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनीं केलें. गुरूच्या पहिल्या चंद्राची गति आणि तिसऱ्याच्या गतीची दुप्पट मिळून दुसऱ्याच्या गतीची तिप्पट होते, हें लाप्लासनें दाखविलें होतें. तोच संबंध दूरच्या ग्रहांस लावून केतकरांनीं १९११ सालीं नेपच्यूनपलीकडे ब्रह्मा व विष्णु असे दोन ग्रह वर्तविले. ब्रह्म्याचें अंतर पृथ्वीच्या सुमारें ३९ पट, प्रदक्षिणाकाल सुमारें २४२ वर्षें. १९३० सालीं प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काल २४८ वर्षें. त्याच वर्षीं केतकर निवर्तले.

प्लूटो केतकरांनींच शोधला, असें अभिमानानें सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. चंद्रांची ती सांगड परस्परांच्या ओढीनें टिकते. ग्रहांस ती तशी लागू नाहीं, आणि विष्णु तर कोठेंच सांपडला नाहीं. आंकडा जुळला, कारण जुळलें नाहीं. गणिताचा मान ठेवणाऱ्यानें हें स्पष्ट बोलावें. केतकरांच्या पंचांगशोधनाच्या कार्यास त्यानें बाध येत नाहीं.

२००६ सालीं प्लूटो ग्रहांच्या पंक्तींतून उठला. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर, ट्रायटनचा २,७०७. दोघेही बर्फ व खडक यांचे, बहुधा एकाच बाहेरच्या पट्ट्यांतले. एक नेपच्यूनकडे गेला, दुसरा अद्याप सूर्याकडेच आहे.