अक्रोडाचं लाकूड आणि उभं झाड

सुक्या मेव्यातला अक्रोड आपण ओळखतो. त्याच्या लाकडाची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ती ऐकायला आज आपण काश्मीरला जाऊ.

आपल्याकडे दाराच्या चौकटीला सागवान, तसं तिकडे कोरीवकामाला अक्रोड. हे लाकूड टणक, तरी छिन्नीला अडून बसत नाही. पोत एकसारखा असल्यानं बारीक नक्षी कोरताना कपचे सहसा उडत नाहीत. रंगही एकाच झाडात वेगवेगळे. बुंध्याचं, मुळाकडचं लाकूड सगळ्यात गडद आणि महाग, खोडाचं त्याहून फिकं, फांद्यांचं सगळ्यात फिकं. कापलेल्या फळ्या घाईनं वापरत नाहीत. सावलीत रचून काही वर्षं वाळवतात. मग कारागीर त्यावर चिनारचं पान, कमळ, गुलाब कोरतो.

ही कला पंधराव्या शतकात, सुलतान झैन-उल-आबिदीन यांच्या काळात काश्मीरमध्ये बहरली, असं मानतात. पण याच लाकडावर दुसऱ्याही कुणाचा डोळा होता. ते सहज चिरत नाही, वाकत नाही आणि गोळी सुटल्यावर बसणारा धक्का सोसतं. म्हणून बंदुकीचे दस्ते त्याचेच व्हायचे. पहिल्या महायुद्धात युरोपातही त्यासाठी अक्रोडाची झाडं तोडली गेली.

काश्मीरमध्ये १९६९ साली कायदा झाला. तेव्हापासून स्वतःच्या जमिनीतलं अक्रोडाचं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

यात बाईचा संबंध कुठे आला? कोरीवकाम बहुतेक पुरुष करतात. पण सप्टेंबरात फळं झोडपून खाली पाडली, की हिरवी साल सोलायला, अक्रोड धुऊन वाळवायला, फोडून गर काढायला बायका बसतात. त्या सालीनं हात काळे पडतात आणि कितीतरी दिवस काळेच राहतात. झाड तोडलं तर पैसा एकदाच मिळतो. उभं ठेवलं तर दरवर्षी हात काळे होतात, पण दरवर्षी चार पैसेही येतात.

आपल्या बांधावर अक्रोड नाही. आंबा आहे, चिंच आहे, जांभूळ आहे. लाकडाचा व्यापारी दारात येतो तेव्हा बोलणी घरातले पुरुष करतात. त्या झाडाची चिंच फोडणारी, कैरी विकणारी बाई तेव्हा आत चहा करत असते.

पुढच्या वेळी चहा जरा उशिरा झाला तरी चालेल. आधी बाहेर या आणि आपला हिशोब सांगा.