फडाला मीटर कशाला?

धुळे जिल्ह्यात पिंपळनेरजवळून पांझरा वाहते. तिच्यावरची फड पद्धत निदान तीनशे वर्षांची मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग, म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, आणि पुढे फेरपालट. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे.

यात मापनशास्त्र दडलेले आहे. पीक एकच, तेव्हा पाण्याची गरजही सारखी. मग क्षेत्र मोजले की वाटा ठरला! पाणी शेतकऱ्याने नव्हे, पाटकऱ्याने भरायचे; त्याचा मोबदला धान्यात.

महाराष्ट्राचा २००५ चा कायदा पाणीवापर संस्थांना पाणी घनमापनाने द्यायला सांगतो. त्यात पीक निवडण्याची मोकळीक मिळते, आणि ती मोठीच सोय आहे. तरीही जुन्या पद्धतीचा लोभ सुटत नाही, तो केवळ सवयीपोटी असे आम्हांला वाटत नाही. मीटरचा आकडा खरा मानावा लागतो. शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरलेले पाणी बांधावरून दिसते.

फडाची घडी विसकटायला मीटर लागलाच नाही. विहिरीवर पंप बसले, फडात ज्याचे त्याचे पीक आले, आणि क्षेत्रावरून पाणी ठरवण्याचा आधारच गेला.