एफ.टी.आर. म्हणजे काय?

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. आम्हा ग्वाल्हेरकरांच्या घरी मुलांना हे शाळेआधीच कळते. सीमाभागातील वाचकांनाही असले शब्द परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील हवाई दलाच्या नोंदी वाचताना मला हीच सवय उपयोगी पडली.

स्क्वाड्रनची दैनंदिन हकीकत फॉर्म ५४० वर, उड्डाणांचा तपशील ५४१ वर. तेथील ‘एंजल्स टेन’ म्हणजे दहा देवदूत नव्हेत. दहा हजार फूट उंची. ‘पॅनकेक’ म्हणजे विमान उतरवणे. ‘यू.एस.’ पाहून अमेरिका आठवते, पण तो विमान नादुरुस्त असल्याचा शेरा! १३२ क्रमांकाचे ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रन मुंबईकर वैमानिकांचे नव्हे. मुंबईच्या देणगीवरून पडलेले ते नाव. गावाचे नावही चकवते. ग्वाल्हेर म्हटले की आज महाराजपूरचा विमानतळ डोळ्यांपुढे येतो. १९३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजचे ‘फ्लाइंग बोट’ मात्र माधो सागराच्या पाण्यावर उतरे.

हे सारे गमतीचे. ‘एफ.टी.आर.’ तसे नाही. ‘फेल्ड टू रिटर्न’, म्हणजे विमान परतले नाही, एवढेच ते सांगते. वैमानिक गेला असे नव्हे. ब्रह्मदेशाच्या रानात उतरून तो काही दिवसांनी पायी तळावर आलेला असू शकतो, किंवा जपान्यांच्या कैदेत. आजोबांच्या भावाची अशी नोंद हाती आलेल्या एका परिचितांना मी म्हणूनच सांगितले, “एवढ्यावरून श्राद्धाची तिथी धरू नका. पुढच्या तारखांची पाने मागवा.”