शोधयंत्रांचा वापर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : गिरगाव, दादर, परळ, लालबाग

महाजालावरील मजकुराची सूची करून विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने दाखवणारी प्रणाली म्हणजे शोधयंत्र. २०२२ च्या अखेरीपासून या प्रणालीचे स्वरूप बदलते आहे. पानांची यादी पुढे ठेवण्याऐवजी ती पाने वाचून तयार केलेले उत्तरच आता विचारणाऱ्याला मिळते. या बदलाची जगभरची चर्चा मुख्यतः अमेरिकी आकड्यांवर चालते आणि तिचा सूर असा, की लोक दुवे उघडेनासे झाले आणि संकेतस्थळांचा वाचक आटला. मुंबईतल्या गिरगाव ते लालबाग या मराठी पट्ट्याला ही मांडणी जशीच्या तशी लावता येत नाही. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठी पानांची समाधानकारक यादी येथे मुळात क्वचितच मिळत होती; जे फारसे नव्हते ते आटणार तरी किती? येथला खरा प्रश्न वेगळा आहे. उत्तर आता अस्खलित मराठीत येते, पण ते ज्या मजकुरावरून बनते त्यातला फार थोडा मराठी असतो आणि या वस्तीने लिहिलेला त्याहून थोडा.

महाजालाशी मुंबईचा संबंध लवकर आला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते मुंबईसह मोजक्या महानगरांत. त्याच वर्षी राजेश जैन यांनी मुंबईतून ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले. भारतीय संकेतस्थळे शोधून देणारे ‘खोज’ हे त्याचेच एक अंग. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्डसाठी ४९९ कोटी रुपयांचा सौदा केला, तेव्हा शोधून देण्यालाही एवढी किंमत असू शकते हे अनेकांना प्रथमच कळले. दरम्यान १९९६ पासून जस्टडायल मुंबईत दूरध्वनीवरून पत्ते आणि क्रमांक सांगू लागले होते. प्लंबर हवा, जवळचे औषधाचे दुकान हवे, तर फोन करून तोंडी विचारायचे आणि पलीकडचा माणूस सांगेल ती नावे टिपून घ्यायची. बोलून विचारणे आणि सांगणाऱ्यावर भिस्त ठेवणे ही सवय मुंबईकरांना कृत्रिम बुद्धिमत्तेने लावलेली नाही, एवढे येथे नोंदवावे.

मराठी मजकुराची कथा मात्र उलटी आहे. गिरगाव-काळबादेवी हा भाग मराठी मुद्रणाचे माहेरघर. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये याच परिसरात उभा राहिला, आणि मौज प्रिंटिंग ब्युरो खटाववाडीतला. पुढे खिळे जाऊन संगणकावरची अक्षरजुळणी आली, ती श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या फॉन्टांसह. या फॉन्टांत पडद्यावर दिसे देवनागरी, पण संगणकाच्या पोटात साठवले जात रोमन अक्षरांचे संकेत, आणि तेही प्रत्येक फॉन्टाचे वेगळे. मराठी वृत्तपत्रांच्या आरंभीच्या महाजाल-आवृत्त्याही अशाच होत्या. माणसाला वाचता येणारी बातमी शोधयंत्राला निरर्थक अक्षरांची रांग वाटे. युनिकोड ही सर्वांना समान संकेतपद्धती रुळेपर्यंतची ही सारी वर्षे शोधाच्या दृष्टीने मराठीत जवळजवळ कोरी गेली. पुढच्या भाषाप्रतिमानांनी जो मजकूर वाचून भाषा शिकायची, त्यातही हे भगदाड तसेच राहिले. मराठी आज महाजालावर विरळ दिसते ती मराठी माणूस लिहीत नव्हता म्हणून नव्हे. त्याने लिहिलेले यंत्राला दिसत नव्हते हेही तितकेच मोठे कारण आहे.

वापराचा खरा विस्तार भ्रमणध्वनीने केला. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेल यांनी स्थानकांवर मोफत वायफायची योजना सुरू केली ती मुंबई सेंट्रलपासून. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला, की मोफत वायफायची निकडच उरली नाही. त्याहून महत्त्वाची तारीख ऑगस्ट २०१७ ची. त्या महिन्यात गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. देवनागरी कळफलकाला कंटाळून ‘dadar’ रोमन अक्षरांत लिहिणाऱ्याला, आणि मुळात लिहायलाच कचरणाऱ्याला, आता तोंडाने विचारता येऊ लागले. बोलून विचारलेला प्रश्न लांब असतो, पूर्ण वाक्यात असतो, आणि दोन-तीन सुटे शब्द जुळवून पाहणाऱ्या जुन्या पद्धतीला तो पेलत नाही. म्हणजे उत्तर देणारे यंत्र येण्यापूर्वीच त्याला साजेसा प्रश्न तयार झालेला होता.

या पट्ट्यात विचारले जाणारे प्रश्न बऱ्याच अंशी जागेचे आणि वेळेचे असतात, आणि तेथे नावांचाच घोळ मोठा आहे. एल्फिन्स्टन रोड स्थानक १९ जुलै २०१८ पासून प्रभादेवी झाले. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने करी रोडला लालबाग आणि चर्नी रोडला गिरगाव म्हणावे असे ठराव केले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि त्यात गिरगाव नावाचे निराळेच स्थानक आले. रोमन लिपीत तर गिरगावाची दोन स्पेलिंगे शतकभर शेजारी नांदत आहेत. जुन्या शोधयंत्राच्या यादीत हा विसंवाद निदान उघड दिसे : एका दुव्यात एक नाव, दुसऱ्यात दुसरे, आणि वाचणारा काय ते समजून घेई. एकसंध उत्तरात तो विसंवाद पुसला जातो. ठराव झालेले नाव आणि फलकावरचे नाव यांतले कोणते आज चालू आहे हे उत्तराने सांगितले नाही, तर विचारणाऱ्याला शंका यायलाही जागा उरत नाही.

उत्तरयंत्रांचे आगमन पायरीपायरीने झाले आणि त्या क्रमात मराठीचे स्थान स्पष्ट दिसते. ओपनएआयचे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले. गूगलने शोधाच्या माथ्यावर यंत्रनिर्मित सारांश देणे अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणि भारतात त्याच ऑगस्टमध्ये सुरू केले, पण भारतात इंग्रजी आणि हिंदीत. गूगलच्याच जेमिनीचे भ्रमणध्वनी-उपयोजन मात्र जून २०२४ मध्येच मराठीसह नऊ भारतीय भाषांत मिळू लागले होते. संभाषणातून शोधण्याची ‘एआय मोड’ ही सोय २०२५ च्या मध्यास इंग्रजीत आली, मग हिंदीत, आणि वर्ष संपण्याआधी मराठीत. त्याच वर्षी एअरटेलने पर्प्लेक्सिटीची आणि जिओने जेमिनीची सशुल्क सेवा आपल्या ग्राहकांना काही काळ फुकट दिली, तर ओपनएआयने ३९९ रुपयांची मासिक योजना काढून पुढे ती वर्षभरासाठी मोफत केली. आठ कोटींहून अधिक बोलणाऱ्यांची भाषा रांगेत तिसरी-चौथी येते याचा राग यावा हे खरे. पण एखाद्या वर्षाचा उशीर ही किरकोळ बाब आहे. उशिरा आलेली सोय येते, न आलेला मजकूर येत नाही.

अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील वापर तपासला. सारांश दिसलेल्या शोधांपैकी ८ टक्के वेळा लोकांनी नेहमीचा दुवा उघडला. सारांश नसताना हे प्रमाण १५ टक्के होते. सारांशातच दिलेल्या दुव्यावर जाणारे १ टक्का. गार्टनर या सल्लागार संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये भाकीत केले होते, की २०२६ पर्यंत पारंपरिक शोधांची संख्या चतुर्थांशाने घटेल. गूगलने मात्र मार्च २०२५ मध्ये वर्षाला पाच लाख कोटींहून अधिक शोध होत असल्याचे सांगितले. म्हणजे शोध संपत नाही, शोधानंतरचे वाचन संपत आहे. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही गंभीर गोष्ट आहे, आणि वृत्तसंस्था एएनआयने ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो वृत्तमजकुराच्या वापरावरूनच. त्या वादाचा निकाल कसाही लागो, मराठीपुरती अडचण त्याच्या अलीकडची आहे.

ती कशी हे गिरणगावाच्या, म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या वस्तीच्या, उदाहरणावरून कळते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. या कामगारवस्तीचा मौखिक इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केला, तो २००४ मध्ये प्रथम इंग्रजी ग्रंथरूपाने आला. संपावरचे विद्यापीठीय लेखनही मोठ्या प्रमाणात इंग्रजी आहे. परळच्या किंवा लालबागच्या चाळीतला मुलगा आज आजोबांच्या गिरणीविषयी मराठीत विचारतो, तेव्हा मराठीत बोलले गेलेले इंग्रजीत जाऊन, यंत्रातून पुन्हा मराठी होऊन त्याच्याकडे परत येण्याची शक्यता मोठी. युनियनची पत्रके, मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक हे मूळचे मराठी साधन या फेऱ्यात कोठेच नसते, कारण ते कपाटात आहे. केशवजी नाईकांच्या चाळीतला गणेशोत्सव १८९३ पासूनचा, चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागचा राजा १९३४ चा. एवढ्या जुन्या संस्थांनी छापलेला कागद थोडाथोडका नाही. यंत्राला त्यातले सापडते ते मूर्तीची उंची आणि गर्दीच्या बातम्या.

यावर पहिला आक्षेप असा, की दादर-गिरगावचा माणूस द्विभाषिक आहे. त्याला मराठी मजकुराची गरज भासत नाही, तो इंग्रजीत शोधतो आणि त्याचे काम होते. शिवाजी पार्कच्या महाविद्यालयीन तरुणापुरते हे खरे आहे. पण याच पट्ट्यात टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आणि केईएम १९२६ पासून उभे आहे, आणि तेथे येणारे रुग्ण विदर्भ-मराठवाड्यापासून बंगालपर्यंतचे असतात. नातेवाइकांचे प्रश्न शस्त्रक्रियेपेक्षा राहण्याचे, केसपेपरचे आणि मदतीचे अधिक. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा कशी मिळते, कोणती कागदपत्रे लागतात, हे बोलीतून विचारता येणे ही त्यांच्यासाठी खरीखुरी सोय आहे, आणि तिचे श्रेय कृत्रिम बुद्धिमत्तेला द्यायलाच हवे. दुवे चाळत बसण्याइतका वेळ आणि धीर ज्यांच्याकडे नसतो, त्यांना नेमक्या उत्तराचा लाभ सर्वांत जास्त होतो, आणि उत्तर चुकले तर झळही त्यांनाच सर्वांत जास्त बसते. बँका आणि कंपन्यांच्या नावाने बनावट मदतक्रमांक महाजालावर पेरून फसवण्याचा धंदा जुना आहे. यादीतला संशयास्पद क्रमांक ओळखण्याला काही वाव असतो. ठाम वाक्यात आलेला क्रमांक लोक थेट लावतात. (अशी फसवणूक झाल्यास राष्ट्रीय सायबर मदतक्रमांक १९३० आहे.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : यंत्राचे भाषांतर आता इतके चांगले झाले आहे, की मूळ मजकूर कोणत्या भाषेत आहे याने फरक पडू नये. औषधाचे दुष्परिणाम, प्राप्तिकराचे नियम, पीएचपीतली चूक अशा विषयांत खरोखरच पडत नाही, आणि तेथे मराठीचा आग्रह धरणे हा हट्ट ठरेल. पण भाषांतराला आधी काहीतरी लिहिलेले लागते. लालबागला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते हे इंग्रजी बातम्यांतही सापडेल. आज दुपारी कोणती रांग बंद केली हे ध्वनिक्षेपकावर आणि व्हॉट्सॲपवरच असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि त्यात सुमारे एक लाख लेख आहेत, इंग्रजीत सत्तर लाख. या दरीचे मोठे दुखणे असे, की मराठीत नसलेले जगाविषयीचे लेख इंग्रजीतून भरून काढता येतात, पण आपल्याविषयीचे जे मराठीतच लिहिले जाऊ शकते ते कोठूनही भरून येत नाही.

चुका छापील ग्रंथांतही असतात, मग यंत्रालाच दोष का, असाही युक्तिवाद होतो. फरक चुकीच्या मागचा माग काढण्याचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये फोर्टातल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने पुढे केलेल्या निष्कर्षांवर आंधळा विश्वास न ठेवता ते पडताळून घ्यावेत, असे खंडपीठाने बजावले. हा बनाव उघड होऊ शकला, कारण निर्णयांचे अहवाल सूचीबद्ध आहेत आणि विरुद्ध बाजूला वकील होता. गिरगावच्या एखाद्या वाडीविषयी यंत्राने रचलेली कहाणी ताडून पाहायला असे अहवाल नाहीत. युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी त्याच महिन्यात चौदा भाषांतील बातमीविषयक उत्तरे तपासून प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४५ टक्के उत्तरांत किमान एक मोठा दोष आढळला होता. मजकुराने श्रीमंत भाषांची ही स्थिती, तर विरळ मजकुराच्या भाषेत ती याहून बरी असेल असे मानायला आधार नाही.

पडताळणीची साधने या पट्ट्यात आहेत, फक्त निम्मी-अर्धी उघडी आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचे, त्याचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला. एशियाटिक सोसायटीने आपले दुर्मीळ ग्रंथ ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणले. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश महाजालावर वाचता येतो. मराठी विश्वकोशाचे मुंबई कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे आणि त्याचे खंडही सर्वांना खुले आहेत; पण पहिला खंड १९७६ चा, आणि यंत्राला नोंदीचे वय कळेलच असे नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९६५ पूर्वी दिवंगत झालेल्या लेखकांचे साहित्य चढवायला कायद्याची आडकाठी नाही. मंडळांच्या आणि शाळांच्या स्मरणिकांबाबत परवानगी मागायची ती बहुधा त्याच गल्लीतल्या माणसांची. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही उपलब्ध आहेत. नुसती पानांची छायाचित्रे चढवून मात्र भागत नाही : जोडाक्षरे, तुटलेले खिळे आणि पिवळा कागद यांमुळे अक्षर-ओळख अडखळते, आणि वाचलेला मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जावाच लागतो.