तीन आणि पाच: अँटिमनीच्या दोन अवस्था

काळ्या आजाराचा इतिहास माणसांच्या नावांनी सांगितला जातो. एकाच मूलद्रव्याच्या दोन ऑक्सिडीकरण अवस्थांची बाजू त्यात मागे पडते. मला ती इथे मांडायची आहे.

अँटिमनीच्या अणूच्या बाह्यतम कवचात ५ इलेक्ट्रॉन असतात. संयुग होताना त्यांतले ३ गुंतले तर अवस्था +३, पाचही गुंतले तर +५. टार्टार इमेटिक हे +३ अवस्थेतले संयुग. युरोपात ते उलटी करवण्यासाठी देत.

काळ्या आजारात ताप हटत नाही, पाणथरी वाढते, अंगात रक्त उरत नाही. बंगाल आणि आसामात या रोगाने गावे ओस पडली होती. १९१५ मध्ये सिसिलीत दि क्रिस्तिना व कारोनिया यांनी आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी टार्टार इमेटिक शिरेतून देण्याचा उपाय पुढे आणला. गुण येई, पण उपचार लांबलचक, उलट्या अनावर आणि हृदयाला धोका. काही रुग्ण औषधानेच जात.

कलकत्त्याच्या कॅम्पबेल इस्पितळातल्या एका लहानशा खोलीत, वीज व गॅस नसताना, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी +५ अवस्थेतल्या संयुगांचा पाठपुरावा केला. त्यातून युरिया स्टिबामाइन हाती आले. त्याचे गुण १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. थोड्या सुया पुरू लागल्या, त्रास कमी झाला आणि जिथे बहुतेक रुग्ण दगावत, तिथे बहुतेक वाचू लागले. १९२९ मध्ये ब्रह्मचारींचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही, याची हळहळ आजही व्यक्त होते.

मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती पुढची उकल. +५ अँटिमनीचे शरीरात क्षपण होऊन +३ तयार होते आणि परजीवीला मुख्यतः तेच मारते, असे संशोधक आज मानतात. म्हणजे जुने विष टाकून दिले गेले नव्हते. ते सौम्य रूपात आत पोचवले जात होते. औषध आणि विष यांत अंतर होते ते दोन इलेक्ट्रॉनांचे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारातल्या परजीवींनी अँटिमनीला दाद देणे सोडले आणि वैद्यांना दुसरी औषधे शोधावी लागली. तोवर मधल्या सात दशकांत वाचलेल्या असंख्य माणसांची नावे कुठल्याच इतिहासात नाहीत. ब्रह्मचारींचा खरा सन्मान मला तिथे दिसतो.