वस्तू आणि तिची साक्ष

१४९२ साली कोलंबस अटलांटिक महासागरापलीकडे पोहोचला आणि त्या भूमीला युरोपने पुढे 'नवे जग' असे नाव दिले. तेथील लोकांच्या दृष्टीने मात्र ते जग मुळीच नवे नव्हते. मेक्सिको व मध्य अमेरिकेत माया आणि ॲझ्टेक, पेरूच्या किनाऱ्यावर मोचे, अँडीज पर्वतराजीत इंका अशा अनेक समाजांनी तेथे नगरे उभारली होती, पाषाण कोरले होते, सोने ओतले होते. त्यांच्या या निर्मितीला आज 'कोलंबसपूर्व कला' म्हणतात. जगातील मोठी संग्रहालये ती अभिमानाने मांडतात. धनिक ती विकत घेतात. परंतु ती गोळा होण्याचा इतिहास निर्मळ नाही. त्यात ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूंचाही वाटा आहे. म्हणून तो आपण डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे.

१५२० साली ब्रसेल्स येथे जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी कोर्तेसने मेक्सिकोहून राजाकडे धाडलेला नजराणा पाहिला. त्यात वावभर रुंदीचा सोन्याचा सूर्य आणि तेवढाच चांदीचा चंद्र होता. ड्यूरर हे सोनाराचे पुत्र. त्या दूरदेशीच्या कारागिरांच्या सूक्ष्म बुद्धीविषयीचे नवल त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदविले. तो सूर्य आज नाही, चंद्रही नाही. जेत्यांना कारागिरीपेक्षा धातूचे वजन मोलाचे वाटले आणि अशा असंख्य वस्तू मुशीत वितळून गेल्या.

जे धातूचे झाले तेच ग्रंथांचे झाले. १५६२ च्या जुलै महिन्यात युकातान प्रांतातील मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांडा यांनी माया लोकांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतील ग्रंथ जाहीररीत्या जाळले. त्याआधी मूर्तिपूजेच्या संशयावरून बाप्तिस्मा घेतलेल्या माया लोकांचा छळ करण्यात आला होता. त्याच वर्षी आलेले बिशप तोराल हेही फ्रान्सिस्कन होते. त्यांनी ही चौकशी थांबविली आणि लांडांना जाब देण्यासाठी स्पेनला जावे लागले. माया संस्कृतीचे केवळ चार ग्रंथ आज जगात शिल्लक आहेत. इतिहासाचा विलक्षण न्याय असा की, स्पेनमध्ये असताना याच लांडांनी माया जीवनाविषयी एक वृत्तांत लिहिला. त्यात त्यांनी माया अक्षरांची एक यादी दिली होती. १९५२ साली रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी त्या यादीच्या आधारे माया लिपी उलगडण्याची वाट दाखविली. ज्या हाताने ग्रंथ जाळले, त्याच हाताने नकळत किल्ली राखून ठेवली होती. तथापि किल्ली लाभली म्हणून जळालेली पाने परत आली नाहीत.

याच संघातील दुसऱ्या एका धर्मगुरूंनी निराळा मार्ग धरला. बेर्नार्दिनो दे साहागुन १५२९ साली मेक्सिकोत आले, तेथील नहुआत्ल भाषा शिकले आणि १५९० साली तेथेच निवर्तले. त्यांनी गावोगावच्या जाणत्या वृद्धांना समोर बसवून प्रश्न विचारले. लॅटिन शिकलेल्या स्थानिक तरुण शिष्यांनी ती उत्तरे त्यांच्याच मातृभाषेत लिहून काढली. त्यातून बारा भागांचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या नवव्या भागात सोनार, रत्नांना पैलू पाडणारे आणि पिसांची कलाकुसर करणारे कारागीर आपले काम कसे करीत, याचे तपशीलवार वर्णन आहे. साहागुनही मूर्तिपूजेचे विरोधकच होते. वैद्याला जसा रोग ठाऊक हवा, तशी धर्मगुरूला ही श्रद्धा ठाऊक हवी, असे त्यांनी लिहिले आहे. परंतु जाणून घेण्यासाठी ऐकावे लागते, आणि ते ऐकत राहिले. १५७७ साली राजा दुसरा फिलिप याने हे लेखन जप्त करण्याचा हुकूम काढला. सुदैवाने त्याची एक प्रत इटलीत पोहोचली; ती फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आजही सुरक्षित आहे.

विसाव्या शतकात या वस्तूंवर नवे संकट आले, ते कौतुकाच्या रूपाने. संग्राहकांची मागणी वाढली तशी थडगी फोडणाऱ्यांची संख्याही वाढली. १९८७ साली उत्तर पेरूतील सिपान गावाजवळ लुटारूंनी मोचे सरदारांचे एक थडगे फोडले. त्यातील सोने देशोदेशी पांगले. कमरेमागे बांधावयाचे एक सुवर्णभूषण दहा वर्षांनी, १९९७ साली, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १६ लाख डॉलरना विकले जात असताना पकडले गेले. लुटीची बातमी कळताच पुराणवस्तुशास्त्रज्ञ वाल्तेर आल्वा यांनी पोलीस पहाऱ्यात तेथे उत्खनन केले आणि शेजारीच एक अभंग थडगे सापडले. मोचे मातीच्या भांड्यांवर बळी देण्याचा एक विधी चितारलेला असे. त्यातील मुख्य पुरुषाची आभूषणे थडग्यातील मृताच्या अंगावर जशीच्या तशी आढळली. ज्या चित्रांकडे दंतकथा म्हणून पाहता येत होते, ती खऱ्या माणसांची निघाली. हे ज्ञान सोन्यात नव्हते. कोणती वस्तू कोणाच्या देहावर आणि कोणत्या वस्तूशेजारी होती, यात ते होते. लुटलेल्या थडग्याची ही साक्ष कायमची बुडाली.

सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोने १९७० साली आंतरराष्ट्रीय करार केला. कायदा आवश्यकच आहे. परंतु ग्राहक आहे तोवर कुदळ थांबत नाही. अग्नीने नष्ट केले ते द्वेषापोटी, बाजार नष्ट करतो तो हौसेपोटी. हानी मात्र एकाच जनसमूहाची होते. साहागुन यांनी वस्तूआधी माणसाला विचारले. परक्यांच्या पूर्वजांची एखादी मूर्ती काचेआड पाहताना आपणही ती किती सुंदर आहे एवढ्यावर थांबू नये. ती कोठे होती, तेथून कोणी काढली आणि ज्यांची होती त्यांना कोणी विचारले का, हे विचारणे हा त्या मृतांचा मान आहे.