बंद दारांवरची अडीच वर्षे

पांढरा सदरा, गडद रंगाची पँट, गळ्यात टाय आणि खिशावर काळा बिल्ला. वय एकोणीस-वीस. अमेरिका-युरोपातील शहरांत सायकलवरून किंवा पायी, पण नेहमी जोडीनेच फिरणारे असे तरुण दिसले, की ते मॉर्मन मिशनरी आहेत हे तेथील नागरिकांना सांगावे लागत नाही. त्यांना पाहून बहुतेक जण दार लोटून घेतात. काही जण पाणी विचारतात, थोडे ऐकतात आणि नम्रपणे नकार देतात. क्वचित कोणी आत बोलावतो.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची २०१२ची निवडणूक रिपब्लिकन पक्षातर्फे लढविणारे मिट रॉम्नी हे एके काळी अशाच एका जोडीतले होते. जुलै १९६६ ते डिसेंबर १९६८ ही अडीच वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये दारे ठोठावण्यात काढली. वडील मिशिगन राज्याचे गव्हर्नर, घरची श्रीमंती, स्टॅनफर्ड विद्यापीठातील पहिले वर्ष नुकतेच संपलेले. आणि हा मुलगा ल आव्र बंदरातील अडचणीच्या खोलीत सहकाऱ्यांबरोबर राहून दिवसभर नकार ऐकत होता. मिशनरी जातो तो दुसऱ्याला पटवून देण्यासाठी, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्या काळात पारख होते ती बव्हंशी त्याच्या स्वतःच्या श्रद्धेची. रॉम्नी यांची फ्रान्समधील वर्षे हे याचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

मॉर्मन हे लोकांनी दिलेले नाव. संप्रदायाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे लांबलचक आहे आणि हेच नाव वापरावे, असा आग्रह २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी धरला होता. जोसेफ स्मिथ या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ भाषांतरित केला, असा त्याचा दावा होता. बायबलच्या जोडीला हा ग्रंथ पवित्र मानणे आणि ईश्वराच्या त्रैक्याविषयीची निराळी कल्पना, यांमुळे अनेक ख्रिस्ती पंथ मॉर्मनांना आपल्यात धरीत नाहीत. १८४४ मध्ये जमावाने स्मिथची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे स्थिरावले. बहुपत्नीत्वाची त्यांची प्रथा गाजली. १८९० मध्ये चर्चने ती अधिकृतपणे सोडली. तरीही परदेशात मिशनऱ्याला पहिला प्रश्न बहुधा तोच विचारला जातो!

धर्मप्रचार मात्र पहिल्या वर्षापासून सुरू आहे. स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युएल १८३० मध्येच पिशवीत नव्या ग्रंथाच्या प्रती घालून गावोगाव हिंडला. १८३९ मध्ये ब्रिगहॅम यंग इंग्लंडला निघाला तेव्हा तो स्वतः आजारी होता आणि घरी अवघ्या दहा दिवसांचे मूल होते. या प्रचाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि तेथून पुण्यास गेला. पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश सैनिक व इतर युरोपियनांपैकी थोड्या लोकांची छोटी मंडळी त्याने जमविली. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांचा रोष आणि स्थानिक लोकांची उदासीनता यांपुढे हा प्रयत्न टिकला नाही. १८५०च्या दशकाच्या मध्यानंतर भारतातील त्यांचे काम जवळजवळ थांबले.

आज सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी जगभर काम करीत आहेत. मराठी वाचकाला ‘प्रचारक’ या शब्दावरून थोडी कल्पना यावी. फरक असा, की ही आयुष्यभराची दीक्षा नव्हे. मुलांसाठी दोन वर्षे, मुलींसाठी अठरा महिने; मुदत संपली की घरी परतून शिक्षण, नोकरी, लग्न. मुलांकडून या सेवेची स्पष्ट अपेक्षा असते, तर मुलींसाठी ती ऐच्छिक मानली जाते. वयाची किमान अट पूर्वी मुलांना १९ व मुलींना २१ अशी होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती १८ व १९ करण्यात आली आणि दोनच वर्षांत मिशनऱ्यांची संख्या सुमारे ५८ हजारांवरून ८० हजारांच्या पलीकडे गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींनाही १८व्या वर्षी जाण्याची मुभा देण्यात आली.

कोठे जायचे, हे मिशनरी ठरवीत नाही. अर्ज केल्यावर सॉल्ट लेक सिटीहून नेमणुकीचे पत्र येते. हे पत्र टपालाने येई त्या काळात नातेवाईक व मित्र जमवून लिफाफा फोडण्याचा घरगुती समारंभच होत असे. २०१८ पासून ते ऑनलाइन येऊ लागले. भाषा शिकायची असेल, तर युटामधील प्रोव्हो येथील केंद्रात काही आठवड्यांचे शिक्षण मिळते. तेथे पन्नासहून अधिक भाषा शिकविल्या जातात. काही आठवड्यांत शिकलेली भाषा कितीशी येणार? तेवढ्याच शिदोरीवर अनोळखी माणसाशी मृत्यू, पाप आणि मोक्ष या विषयांवर बोलावयाचे असते.

पगार नाही. उलट खर्च मिशनऱ्याने किंवा त्याच्या कुटुंबाने सोसावयाचा. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर झाली. त्यापूर्वी ती ४०० डॉलर होती. अनेक मुले लहानपणापासून यासाठी पैसे साठवितात. सकाळी साडेसहाला उठणे, धर्मग्रंथांचे वाचन, मग सोबत्याबरोबर अभ्यास, नंतर रात्रीपर्यंत भेटीगाठी आणि साडेदहाला दिवे बंद, असा दिनक्रम दीर्घकाळ चालत आला. अलीकडे त्यात देशपरत्वे थोडी लवचीकता आली आहे. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू तर सर्वच मॉर्मनांना वर्ज्य. त्यात मिशनऱ्याला प्रेमप्रकरणे आणि मनोरंजनाचे बहुतेक प्रकारही बंद. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रलेखन यांसाठी मोकळा असतो.

सर्वांत अवघड नियम बहुधा सोबत्याचा. मिशनऱ्याने एकटे राहावयाचे नाही. सोबती वरून नेमला जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलतो. तोवर चोवीस तास त्याच्या सहवासात, एकाच खोलीत काढायचे. स्वभाव जुळो वा न जुळो. पहिले नाव या काळात मागे पडते. बिल्ल्यावर केवळ आडनाव असते आणि त्यापुढे मुलांसाठी ‘एल्डर’, मुलींसाठी ‘सिस्टर’. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ज्येष्ठ म्हणावयाचे, यात जशी गंमत आहे तसा त्याच्यावर टाकलेला भारही आहे.

रॉम्नी फ्रान्समध्ये पोहोचले तो काळ अमेरिकी माणसाला अनुकूल नव्हता. अध्यक्ष द गॉल यांनी १९६६ मध्येच फ्रान्सला नाटोच्या एकत्रित लष्करी व्यवस्थेतून बाहेर काढले होते आणि अमेरिकी फौजांना देश सोडावयास सांगितले होते. व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध संताप होता. दार उघडणारा फ्रेंच गृहस्थ धर्माऐवजी व्हिएतनामवरच वाद घालू लागे. त्यात देश परंपरेने कॅथलिक आणि जेवणाच्या टेबलावर वाइन नसेल तर जेवण अपुरे मानणारा. बोर्दोसारख्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात जाऊन मद्यत्यागाचा उपदेश करणे म्हणजे कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याविरुद्ध मोहीम काढण्यासारखेच. पुढे रॉम्नी यांनी स्वतःही यावर विनोद केले आहेत. नान्त शहरात दोन महिला मिशनऱ्यांना त्रास देणाऱ्या रग्बी खेळाडूंना अडविताना त्यांना मारही खावा लागला.

आपण जे सांगावयास गेलो होतो, ते बहुतेकांनी नाकारले, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केले. अशा वेळी श्रद्धा एक तर विरून जाते, नाही तर अधिक खोल होते; आपली खोल झाली, असेही त्यांनी सांगितले आहे. यातील पहिली शक्यता बोलून दाखविणे महत्त्वाचे. घरी असताना श्रद्धा ही आईवडिलांकडून आलेली, सभोवारच्या सर्वांनी धरलेली गोष्ट असते. परक्या देशात, मोडक्यातोडक्या भाषेत, दिवसाला वीस-पंचवीस वेळा ती मांडावी लागते तेव्हा ‘मला स्वतःला हे खरे वाटते काय’ हा प्रश्न टाळता येत नाही. चर्चची शिकवणही त्याला टाळू देत नाही. ग्रंथ वाचावा, प्रार्थना करावी आणि सत्याची खूण स्वतःच्या अंतःकरणात शोधावी, हा सल्ला मिशनरी प्रत्येक घरी देतो. तो सल्ला त्यालाही लागू असतो.

हा प्रश्न पडलेले रॉम्नी पहिले नव्हेत. गॉर्डन हिंक्ली हे १९९५ ते २००८ या काळात चर्चचे अध्यक्ष होते. १९३३ मध्ये ते तरुण मिशनरी म्हणून इंग्लंडमधील प्रेस्टन येथे गेले, तेव्हा प्रकृती बरी नव्हती आणि कोणी ऐकून घेत नव्हते. आपण वेळ आणि तुमचा पैसा वाया घालवीत आहोत, असे त्यांनी वडिलांना कळविले. स्वतःचा विचार सोड आणि कामाला लाग, अशा आशयाचे उत्तर आले. मॉर्मन घरांतून ही गोष्ट आजही सांगितली जाते. आजच्या पालकाला ते उत्तर कठोर वाटेल, आणि ते तसे आहेही.

रॉम्नी यांची खरी कसोटी १९६८ मध्ये लागली. त्या वसंतात पॅरिसमधील मिशन अध्यक्षांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तरुण मिशनऱ्याला मिळणारे हे सर्वांत वरचे पद. मे महिन्यात विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले, देशव्यापी संप झाला, टपाल आणि रेल्वे ठप्प झाल्या. घरच्या पत्रांवर आणि पैशांवर जगणाऱ्या मुलांना त्याची झळ किती लागली असेल, हे वेगळे सांगावयास नको. १६ जून रोजी बोर्दोच्या दक्षिणेस एका खेड्याजवळ समोरून चुकीच्या बाजूने आलेली मोटार रॉम्नी चालवीत असलेल्या गाडीवर आदळली. गाडीत सहा जण होते. मिशन अध्यक्षांच्या पत्नी मरण पावल्या. बेशुद्ध रॉम्नी यांनाही पोलिसाने मृत समजून तशी नोंद केली होती. चूक त्यांची नव्हती. पण चाक त्यांच्या हाती होते आणि ते एकवीस वर्षांचे होते.

पत्नीचे पार्थिव घेऊन जखमी अध्यक्ष अमेरिकेस परतले. मागे उरलेल्या, खचलेल्या मिशनऱ्यांची जबाबदारी काही काळ रॉम्नी आणि त्यांचा एक सहकारी यांच्यावर आली. वर्षाला २०० बाप्तिस्म्यांचे उद्दिष्ट त्यांनी पुरे करून दाखविले. त्या दशकातील हा तेथील सर्वांत मोठा आकडा होता. दुःखाचे उत्तर आकड्यांत शोधण्याची ही रीत काहींना खटकेल. नंतर उद्योगक्षेत्रात नाव मिळविलेला माणूस मात्र येथे आधीच दिसू लागतो.

घरी अॅन डेव्हिस ही त्यांची मैत्रीण वाट पाहत होती. रॉम्नी दूर असताना त्यांच्या वडिलांच्या मार्गदर्शनाखाली तिने मॉर्मन धर्म स्वीकारला होता. मध्यंतरी दुसऱ्या एका तरुणाविषयीचे तिचे पत्र फ्रान्सला पोहोचले आणि तेथील मुक्काम अधिकच जड झाला. डिसेंबरमध्ये ते परतले आणि मार्च १९६९ मध्ये दोघांचा विवाह झाला.

या कहाणीला एक बोचरी बाजूही आहे. रॉम्नी यांच्या वयाचे अमेरिकी तरुण तेव्हा सक्तीच्या भरतीने व्हिएतनामला जात होते. मिशनऱ्यांना धर्मसेवक म्हणून भरतीतून तात्पुरती सूट मिळे. ही सवलत फार जणांना मिळू नये यासाठी प्रत्येक स्थानिक मंडळीतून किती मुले पाठवावयाची, यावर त्या वर्षांत मर्यादा होती. मॉर्मनबहुल युटामध्ये त्यासाठी रांग लागे. मिशिगनमध्ये मॉर्मन थोडे, त्यामुळे तेथील मुलाला अडचण कमी. राजकारणात आल्यावर रॉम्नी यांना हा प्रश्न वारंवार विचारला गेला. त्यांचे पाचही मुलगे मिशनवर गेले, लष्करात मात्र एकही नाही, याचीही आठवण २००७ मध्ये त्यांना करून देण्यात आली.

मुदत पुरी करणाऱ्यांच्या अशा कहाण्या चर्चमध्ये उत्साहाने सांगितल्या जातात. आजारपण, नैराश्य किंवा मावळलेली श्रद्धा यांमुळे मध्येच परतणाऱ्यांविषयी फारसे बोलले जात नसे. मॉर्मन वस्तीत ‘तू लवकर कसा आलास’ हा प्रश्न मुलाच्या, आणि त्याच्या आईच्याही, मागे वर्षानुवर्षे लागतो. पूर्वी घरी फोन करण्याची परवानगी नाताळ आणि मातृदिन अशी वर्षातून दोनदाच होती. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन आणि प्रचाराला जाऊ न शकणाऱ्यांसाठी घरी राहून समाजसेवेचा पर्याय, याही सोयी झाल्या. २०२०च्या साथीत हजारो मिशनरी एकाच वेळी मायदेशी आणावे लागले, तेव्हा लवकर परतणे हा कोणा एकाचा दोष राहिला नाही. पण तो अपवाद होता.

फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील पहिले मॉर्मन मंदिर मे २०१७ मध्ये व्हर्सायजवळ समर्पित झाले. रॉम्नी यांना तेथून परतून तेव्हा अट्ठेचाळीस वर्षे उलटली होती.

मिशनरी घरी येतो तेव्हा विमानतळावर फलक आणि फुगे घेऊन नातेवाईक उभे असतात. त्यानंतर, बहुधा त्याच दिवशी, तो स्थानिक धर्मप्रमुखाला भेटतो. सेवेतून मुक्त झाल्याचे त्याला सांगितले जाते आणि तो काळा बिल्ला उतरवितो. मुदतीआधी परतणाऱ्यालाही ही भेट चुकत नाही. फलक आणि फुगे मात्र त्याच्या वाट्याला सहसा येत नाहीत.